पाकिटावरचा सूर्य

त्या गल्लीत औषधाचं दुकान एकच होतं आणि दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता. पहिली दहा वर्षं त्यानं हे प्रत्येकाला सांगितलं, पुढची दहा वर्षं विचारणाऱ्यांना सांगितलं, आणि मग सांगणंच सोडून दिलं, कारण विचारतच कुणी नव्हतं. खऱ्या डॉक्टरांकडे सकाळी नंबर लावावा लागे. नंबर लागेपर्यंत निम्मी दुखणी कंटाळून आपणच निघून जात. दुकानदाराकडे मात्र काउंटरला कोपर टेकवलं की तपासणी सुरू. पाठीवरचं गळू, नातवाचं पुरळ, सुनेचा स्वभाव, सगळं तिथेच दाखवलं जाई. पहिल्या दोहोंवर त्याच्याकडे मलम होतं.

त्याच्या हातात कायम कात्री असे. दहा गोळ्यांची अख्खी पट्टी नेणारं गिऱ्हाईक त्या गल्लीत पाहुण्यासारखं क्वचित यायचं. बाकीच्यांना पाच हव्या असत, नाहीतर तीन. तो पट्टी कापून कागदी पाकिटात घाली आणि पाकिटावर पेनानं चित्र काढी. उगवता सूर्य म्हणजे सकाळी, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपारी जेवल्यावर, चंद्र म्हणजे झोपताना. उरलेला तुकडा परत खणात जाई. तीस वर्षं असंच चाललं होतं आणि तीस वर्षांत चंद्राच्या जागी सूर्य एकदाही पडला नव्हता, याचा त्याला बारीकसा अभिमान होता.

त्या दिवशी दुपारी दीडला रक्तदाबाच्या गोळ्या मागायला कुणी आलं, म्हणून त्यानं दाबाचा खण उघडला. वरच पाच गोळ्यांचा तुकडा पडलेला होता, कडेला पेनाची खूण केलेला. दुकानदार त्या तुकड्याकडे बघत राहिला. हा तुकडा तिथे असायलाच नको होता. तो त्यानं गणिताच्या बाईंसाठी बाजूला ठेवला होता आणि साडेदहाला त्यांना दिलाही होता.

मग दिलं काय?

शेजारचा खण साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांचा. सकाळी नऊला बसच्या ड्रायव्हरला त्यातल्या पाच कापून दिल्या होत्या, उरलेल्या पाच तिथे असायला हव्या होत्या. नव्हत्या. दोन्ही पट्ट्या चंदेरी, पाठीमागे दोन्हींवर तीच गुलाबी रेघ. कापताना तो कुणाचं तरी गळू बघत होता आणि ते गरम पाण्यानं शेका, फोडू नका, असं बजावत होता. गळूचा सल्ला अगदी बरोबर होता. हातातला तुकडा चुकीच्या खणात गेला होता.

त्यानं दोन्ही खण तसेच उघडे टाकले. बाईंना मधुमेह नाही. वय पंचाहत्तर, खाणं चिमणीएवढं. अशा माणसाच्या पोटात ती गोळी गेली तर रक्तातली साखर खाली जाते, मग घाम, मग थरथर, मग भ्रम, आणि मग जे होतं ते त्यानं पुस्तकात वाचलं होतं. पाकिटावर त्यानं स्वतःच्या हातानं डोक्यावरचा सूर्य काढला होता. बाई जन्मभर शाळेच्या घंटेवर जगलेल्या. बाराला जेवण म्हणजे बाराला.

समोरच्या गिऱ्हाइकाला त्यानं जरा थांबा म्हटलं. गिऱ्हाईक म्हणालं, माझा दाब वाढतोय. दुकानदाराच्या मनात आलं, तुमचा कसला वाढतोय.

आता त्याच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली आणि तो जास्तच घाबरला. बाई राहतात कुठे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येकाच्या आतड्याचा पत्ता त्याला तोंडपाठ होता, घराचा एकाचाही नव्हता. त्याच्या लेखी माणसं म्हणजे गुडघे, आम्लपित्त आणि कोरडा खोकला. ती दुकानात येत आणि कुठल्याशा दिशेनं निघून जात. त्यानं घरी फोन लावला. त्याच्या बायकोला दुखणी कळत नसत, पण कोण कुणाचं कोण आणि कितव्या मजल्यावर, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. ती म्हणाली, शिंप्याच्या दुकानावरचा जिना, दुसरा मजला, एकट्याच असतात, भाचा टपालात आहे. मग तिनं विचारलं, काय झालं.

"काही नाही," तो म्हणाला. "एक गोळी बदलून द्यायचीय."

हे म्हणताना त्याचा आवाज इतका साधा होता की त्याची त्यालाच भीती वाटली.

पायात दुकानातल्या सपाता, एका हातात ग्लुकोजचा डबा, दुसऱ्या हातात ती कात्री. कात्री खाली ठेवायचं राहूनच गेलं होतं. वाटेत लोक कौतुकानं बघत होते, डॉक्टर एवढ्या घाईनं चाललेत म्हणजे कुणाचं तरी भलं होणार. जिन्यात शिंप्यानं मान वर करून विचारलं, कुणाचं काय? दुकानदार दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. शिंपी गळ्यात टेप तशीच घेऊन मागोमाग आला.

दार लोटलेलं होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, पदरापर्यंत घामानं भिजलेल्या, समोर ताटात अर्धी भाकरी. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, गृहपाठ आणलास का. विनोद करायची बाईंना सवय नव्हती. त्यानं शिंप्याला पाणी आणायला पिटाळलं, ग्लुकोज कालवलं, आधी बाईंना घोट गिळता येतोय ना ते पाहिलं आणि मग चमच्या चमच्यानं पाजलं. एका चमच्यापासून दुसऱ्या चमच्यापर्यंतचा वेळ इतका लांब असतो, हे त्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं. शिंप्यानं फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत बाईंची नजर थोडी जागेवर आली आणि त्यांनी शिंप्याला ब्लाउजचं काय झालं म्हणून विचारलं. शिंप्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि अडचण एकदमच उमटली.

टेबलावर पाकीट पडलेलं होतं. डोक्यावरचा सूर्य, आत चार गोळ्या. शिंपी बाईंच्या चपला शोधत होता. दुकानदारानं पाकीट उचललं आणि खिशात टाकलं. कशासाठी, ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही.

हॉस्पिटलात सगळं भराभर झालं. सलाईन लागलं, साखर वर आली. टपालातला भाचा धावत आला तोवर शिंप्यानं कॉरिडॉरमध्ये कथा उभी केली होती. दुकानात बसल्या बसल्या डॉक्टरांना कळलं हो, नुसत्या अंदाजानं! सकाळी बाईंचा चेहरा पाहिला तेव्हाच ओळखलं असणार. भाच्यानं दुकानदाराचे हात हातात घेतले आणि म्हणाला, काका, तुम्ही होतात म्हणून मावशी आहे. कुणाच्या तरी आजीनं बाकावरूनच त्याला नमस्कार केला. दुकानदाराला खिशातलं पाकीट निखाऱ्यासारखं लागत होतं.

तेवढ्यात तरुण डॉक्टरीणबाई आल्या. खऱ्या डॉक्टर, तीन रात्रींच्या जागरणाचे डोळे. म्हणाल्या, वयामुळे, नीट न जेवल्यामुळे झालं असेल, आता साखर छान आहे. संध्याकाळपर्यंत बघू आणि घरी सोडू. भाच्यानं सुस्कारा सोडला.

दुकानदारानं सोडला नाही. त्याला जे ठाऊक होतं ते तिथे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ती गोळी दिवसभर काम करते. सलाईन काढलं की साखर पुन्हा उतरणार, आणि ती उतरेल तेव्हा दुसऱ्या मजल्यावर बाई एकट्या असतील, दाराला आतून कडी. सकाळी भाचा येऊन दार वाजवेल. पुढचं त्याला दिसायला लागलं, म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. मिटल्यावर जास्तच दिसलं.

न सांगताही काही करता येईल का, हे त्यानं चाचपून पाहिलं. आज इथेच ठेवा, असं नुसतं म्हणून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी नम्रपणे विचारलं, का? त्याला एकही का सुचेना. बेड कमी आहेत, असं म्हणून त्या वळल्या. त्याच्या डोळ्यांसमोर दुकानातला परवान्याचा चौकटीतला कागद आला, मग दुकानाला लागलेलं कुलूप, मग बायको. बायको विचारत होती, काय झालं.

"थांबा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की शिंप्यालाच आधी ऐकू गेला. त्यानं पाकीट काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. "त्यांनी यातली एक घेतलीय. साखरेची आहे. त्यांची नाही. मी दिली. चुकून दिली."

कॉरिडॉर एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला, माणसं होती तिथेच होती. डॉक्टरीणबाईंनी गोळी उलटून पाहिली, घड्याळ पाहिलं आणि नर्सला सांगितलं, उद्या दुपारपर्यंत सोडायचं नाही, दर तासाला साखर बघा. मग त्याला म्हणाल्या, हे आधी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, हो. भाच्यानं त्याचे हात सोडले होते. केव्हा सोडले ते त्याला कळलं नाही. शिंपी गळ्यातल्या टेपकडे बघत होता, जणू उरलेली कथा तिच्यावर मोजून पाहायची होती.

संध्याकाळी बाईंची साखर दोनदा उतरली. दोन्ही वेळा नर्स शेजारी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. भाचा खिडकीशी उभा, वळून न बघणारा. दुकानदारानं काल जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, खण, गळू, गुलाबी रेघ, सगळं. बाईंनी मध्ये तोडलं नाही. उत्तर चुकलेल्या मुलाची रीत त्या अशीच शेवटपर्यंत ऐकत असणार.

"मोतीबिंदू आहे, पण हाताला कळलं होतं मला," बाई म्हणाल्या. "गोळी नेहमीपेक्षा बारीक लागली. म्हटलं, त्यानं बदलली असेल, काहीतरी विचार करूनच बदलली असेल."

"मग विचारलं का नाही, बाई?"

"तुला काय विचारायचं?"

त्या हे रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सहज म्हणाल्या. दुकानदाराला वाटलं, गल्लीतली सगळी माणसं काउंटरला कोपर टेकून ओळीनं उभी आहेत, तोंड उघडून, हातात येईल ते गिळायला तयार.

त्यानं खिशातून दोन अख्ख्या पट्ट्या काढल्या, एक दाबाची, एक साखरेची, न कापलेल्या, आणि बाईंच्या दोन तळहातांवर ठेवल्या. म्हणाला, यातली तुमची कुठली ते तुम्ही सांगायचं, मी नाही. बाईंनी बोटांनी गोळ्या चाचपल्या, चष्मा मागितला, पट्टी नाकापर्यंत नेली आणि एकेक अक्षर लावायला लागल्या. तो वाट बघत उभा राहिला, फळ्यापाशी बोलावलेल्या मुलासारखा.