लेकीने बंद केलेलं खातं

“रोज एक काम असं करावं, ज्यातून आपल्याला काहीच मिळणार नाही.” सासूबाई हे सांगायच्या तेव्हा त्यांची बोटं जपमाळेवर असायची आणि डोळा माझ्यावर. त्या गेल्या, आणि मी तो नेम धरला. पहाटे स्नान, मग जप, आणि जप आटोपला की कुणा ना कुणाचं रेल्वेचं तिकीट. आमच्या इमारतीत म्हातारी माणसं फार. कुणाला फोनवर दिसत नाही, कुणाला धीर होत नाही. मी आदल्या दिवशीच त्यांची नावं-वयं भरून ठेवते. सकाळी आरक्षण उघडलं रे उघडलं, की बोट टेकवते.

माझी धाकटी लेक त्याच आरक्षणाच्या कचेरीत आहे. तिचं काम राखणीचं. दलाल खोट्या नावांनी खाती काढतात, यंत्राकडून तिकिटं ओरबाडतात आणि चढ्या भावाने विकतात. खरा प्रवासी चष्मा पुसेपर्यंत गाडी भरलेली. असली खाती हुडकून बंद करणारा नवा नियम तिने लिहिला. तो लागू झाला त्याच सकाळी माझं खातं बंद पडलं.

थोरला मुलगा पोट धरून हसला. “आई, जपमाळ ओढता ओढता दलाली कधी सुरू केलीस?”

“गप रे,” म्हटलं खरं, पण मला वेगळीच काळजी लागली होती. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या वहिनींना मी शब्द दिला होता. त्यांच्या नवऱ्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दूरच्या शहरात ठरलेली. त्या गाडीचं आरक्षण दुसऱ्याच दिवशी उघडणार होतं. गाडी हुकली तर पुढची तारीख कधी मिळेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

संध्याकाळी धाकटी आली. पर्स खांद्यावरच, आणि हसू दाबत म्हणाली, “आई, खात्यात भाराभर परकी नावं, तीही आधीच भरलेली. आणि रोज उघडल्या क्षणाला बोट! माणसाचा हात कधी चुकतो, कधी उशीर करतो. तुझा कधीच नाही. यंत्राला तू यंत्रच वाटलीस.”

“अगं, नेम आहे तो माझा!”

“ठाऊक आहे गं.”

“मग सोडव की तिला,” थोरला म्हणाला. “नियम तुझा, आई तुझी. एक बटण दाबायचं.”

“साहेबही तेच म्हणाले. नाही दाबणार.” तिने पर्स खाली ठेवली. “आईला वगळलं, तर उद्या प्रत्येक दलालाला आई फुटेल.”

मला राग यायला हवा होता. छाती मात्र अशी भरून आली, की मी उगाच भांडी आवरायला उठले.

“पण माझ्यासारखे आणखी असतील ना?” मी आतूनच विचारलं. “दुसऱ्यांसाठी करणारे?”

ती खुर्चीत टेकली. “आहेत. दिवसभर तक्रारीच वाचल्या. एक नर्स निघाली, एक शाळेचा शिपाई. त्या सगळ्यांना आता फोन जाईल, माणूस माणसाशी बोलेल आणि खाती उघडतील. तुझी पाळी आली की तुलाही येईल. फोन माझा नसेल, दुसऱ्या कुणाचा तरी.”

“आणि वहिनींचं तिकीट?”

“त्यांनीच काढायचं, स्वतःच्या खात्यावरून.”

“खातं त्यांच्या पुतण्याने काढून दिलंय, पण त्या उघडतील तर शपथ! सुई ओवायला हात विजेसारखा, फोन घेतला की थरथरतो. नाव लिहीपर्यंत गाडी संपायची.”

“संपायची. आता नाही.” तिचा आवाज माझ्यासारखाच हळू, पण त्याला धार होती. “दलाल कशासाठी हुसकावले, आई? अशा सावकाश हातांसाठीच. आज दुपार झाली तरी जागा शिल्लक होत्या.”

दुसऱ्या दिवशी मी जपाला नेहमीपेक्षा लवकर बसले. धाकटी अजून झोपलेली. चष्मा घेतला, दार हलकेच ओढून घेतलं आणि निघाले.

जिन्यात दूधवाला भेटला. “ताई, एवढ्या सकाळी खाली? आज तिकिटं नाहीत वाटतं?”

“माझं खातं बंद आहे,” मी म्हटलं. “लेकीनं केलंय.”

आज बोट वहिनींचं असणार होतं, मी नुसती शेजारी बसणार होते. मी कठडा धरून वहिनींच्या दाराकडे उतरू लागले.