मावशी घरातली झाली

सरकारने नवा नियम काढला आणि आमच्या घरात एकाएकी माणुसकीला पूर आला.

नियम तसा साधा होता. घरात राहून काम करणाऱ्या बाईलाही किमान वेतन द्यायचं, तिच्या कामाचे तास ठरवायचे आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी द्यायची. सासूबाईंनी ऐकलं आणि सरकारने ताटातला घास उचलावा तसा चेहरा त्यांनी केला. "खायला-प्यायला देतो, डोक्यावर छप्पर देतो, वर पगार? सरकारला दुसरे उद्योग नाहीत का?"

आता आमच्या कामवाल्या मावशीला काहीच मिळत नव्हतं असं म्हटलं तर सासूबाईंवर अन्याय होईल. मनात आलं की त्या हातावर काहीतरी टेकवायच्या. फक्त मनात फारसं यायचं नाही. मावशी मी या घरात सून म्हणून येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. तिची गादी धुलाईच्या मशीनशेजारी. मशीन कपडे पिळायला लागलं की गादीसकट मावशीही हलायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. तिची एक विधवा बहीण होती, भाच्याच्या दारात बोलणी खात पडलेली. कुठेतरी एक खोली भाड्याने घ्यायची, बहिणीला आणायचं, दिवसभर आमच्याकडे राबायचं आणि संध्याकाळी आपल्या दारात जायचं. पण ज्या पगाराला तारीख नाही, त्याच्या भरवशावर खोली कोण देणार? नियमाची बातमी आली त्या दिवशी मटार सोलता सोलता तिने मला हळूच विचारलं, "वहिनी, ते सरकारचं खरं आहे का हो?"

"खरं आहे, मावशी," मी म्हटलं. तिने पुढचे चार दाणे सालांच्या ढिगात टाकले.

पण आमच्याकडे भावजी आहेत. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. ते वकील आहेत. कोर्टात त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ते घरात युक्तिवाद करतात. त्यांनी लग्न केलं नाही. कोणाच्या तरी मुलीवर देवाने दया केली. त्यांनी तो नियम शेवटपर्यंत वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"पळवाट आहे! जी बाई घरातल्या माणसासारखी राहते, सगळ्यांबरोबर जेवायला बसते, सगळ्यांबरोबर कामं वाटून घेते, तिला हे लागू नाही. ती नोकर नाही. ती कुटुंब!"

सासूबाईंचे डोळे भरून आले. "अरे, मी वेगळं काय म्हणते? मावशीला आपण कधी परकं मानलंय?" मावशीसाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असायचा, तो त्याच दुपारी कचऱ्यात गेला. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. आमच्याकडे मावशी जगायला हवी होती, पण फुकटात.

तपासणी कधीही येईल म्हणून रोज तालीम सुरू झाली. मावशीला जेवायला टेबलाशी बसवायचं, अंगावर सासूबाईंची जुनी शाल. ती खुर्चीच्या टोकावर अशी बसायची, जणू आता कोणीतरी तिचा दात उपटणार आहे. भावजी पढवायचे. "विचारलं तर सांगायचं, मी घरातलीच. आणि उलटसुलट काही बोललीस तर दुसऱ्या दिवशी आपलं बोचकं उचलायचं, कळलं?"

घरातल्या माणसाशी असं बोलतात का, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण माझ्या दोन्ही हातांत गरम पातेलं होतं.

ही एक गोष्ट त्या हुशार माणसांच्या ध्यानातच आली नव्हती. मावशीला बसवलं, तर वाढणार कोण? आमच्याकडे सगळ्यांचा असा समज आहे की जेवण आपल्या पायांनी ताटात येतं. मग वाढणं माझ्याकडे आलं, पाठोपाठ भांडी आली, केर-फरशी आली. मावशी उठू लागली की भावजी ओरडायचे, "बस! तू घरातली आहेस ना?" एकदा ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "माझ्यापायी तुमच्या हाडांची काडं झाली हो, वहिनी." मला तिचा नाही, टेबलाशी बसलेल्यांचा संताप आला. पण मी पुढचं भांडं घासायला घेतलं. गप्प बसण्यात मी एव्हाना तरबेज झाले होते.

तपासनीस बाई नेमक्या जेवणाच्या वेळी उगवल्या. ठेंगण्या, जाडजूड, खांद्याला पिशवी. दाराशी त्यांनी चपला नीट काढून ठेवल्या.

"या, या," सासूबाई म्हणाल्या. "ही आमची मावशी. मला अगदी सख्ख्या बहिणीसारखी!" भावजींनी स्वतःच्या हाताने मावशीला डावभर भाजी वाढली. जन्मात पहिल्यांदाच वाढत होते, त्यामुळे निम्मी तिच्या शालीवर गेली.

तेवढ्यात मी भात घेऊन बाहेर आले. बाह्या वर, तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले. आमच्या ह्यांनी फोनमधून मान वर न काढता ताट पुढे केलं. "भात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे वळल्या. "तुम्ही घरातल्या?"

मावशीने भावजींकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. आवाज विहिरीतून आल्यासारखा. गेली तिची खोली, मला वाटलं.

"बरं. आणि ह्या कधीपासून कामाला आहेत?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

सासूबाई हसल्या. "अहो, ती माझी सून!"

"मघाशी ह्या बहीण होत्या," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे नाती फार भराभर जुळतात." मग मला विचारलं, "तुम्ही ह्यांच्याबरोबर जेवता?"

"नाही. मागाहून."

"सुट्टी?"

"कसली?"

"कामाचं काही हातात मिळतं?"

"भांडी मिळतात," मी म्हणाले.

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. "एवढ्या घरात कामाला कोणीतरी असणारच. मावशी तर घरातल्या. बाकीचे बसलेत. राबताना दिसतात त्या एकट्या ह्याच. कामवाली म्हणून ह्यांचं नाव घालते."

त्यांच्या मागे भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो होता, चांगला हातभर मोठा. एक बोट दाखवलं असतं तर विषय मिटला असता. मी बोट दाखवलं नाही.

"घाला, बाई," मी म्हणाले. "पगारही घाला."

सासूबाईंच्या हातातला चमचा गळाला. "अगं बाई! सुनेला मोलकरीण केली म्हणतील! चारचौघांत तोंड कसं दाखवू मी? अहो, मोलकरीण ती नाही, ही आहे, ही मावशी! सगळं हीच करते! सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत!"

"आई, गप्प!" भावजी ओरडले. पण अब्रू निघाली की सासूबाईंना कोणाचा बाप थांबवू शकत नाही.

"निजेपर्यंत?" बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "म्हणजे तासही ठरलेले नाहीत."

मावशीला पगार सुरू झाला. आता ती वेळ झाली की हात पुसते आणि निघते. सासूबाई भेटेल त्याला सांगतात, घरातल्यासारखं वागवलं, त्याचं हे फळ. ती गेल्यावर उरतं ते माझ्या वाट्याला येतं. भावजींनी तो नियम पुन्हा शेवटपर्यंत वाचला आणि मोठ्या आनंदाने जाहीर केलं की त्यात सुनेचा कुठेही उल्लेख नाही.

मावशीच्या सुट्टीच्या दिवशी, घरी कोणाला न विचारता, मी तिच्या खोलीवर गेले. खोली एवढीशी. बहीण खिडकीशी पाय पसरून बसली होती, कोणाचं बोलणं न खाता. मावशीने माझ्यासमोर गरम जेवण ठेवलं. जेवून झाल्यावर सवयीने मी ताट उचलून उठले.

मावशीने ताट माझ्या हातातून ओढून घेतलं.

"बस ग पोरी," ती म्हणाली. "इथे तू घरातली नाहीस."