मुकादम कोणाकडे गेला होता

त्या शनिवारी मुलगी आईवडिलांकडे पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि स्वयंपाकघरातून ड्रिलची घरघर येत होती. आई स्टुलावर उभी राहून दोन्ही हातांनी फळी भिंतीला दाबून धरत होती, बाबा भोक पाडत होते आणि कुत्रा खाली बसून दोघांवर देखरेख करत होता. स्वतः काडी हलवायची नाही, पण कामाच्या जागेवरून हलायचंही नाही, अशा स्वभावामुळे त्याचं नाव मुकादम पडलं होतं.

"वाकडी आहे," मुलगी दारातूनच म्हणाली.

"फळी सरळ आहे. भिंत वाकडी आहे," बाबा म्हणाले.

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय," आई वरून म्हणाली. "ह्यांचं सगळं सरळ. घर तेवढं वाकडं."

बाबा लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून आणि आई बालवाडीतून निवृत्त झाली, त्याला वर्ष होत आलं होतं. त्या वयाची माणसं रक्तदाब सांभाळत बसतात. ह्या दोघांनी पावाच्या कंपनीची जुनी व्हॅन घेतली, आत पलंग ठोकला आणि दोघं गावोगाव बाहुल्यांचे खेळ करत सुटली. डोकी बाबा कोरायचे, कपडे आई शिवायची. पडद्यामागे दोघांचे हात चालत, पण आवाज सगळे आईचे. फेरी आटोपून घरी आले की घरातलं काहीतरी उकरून काढायचं आणि ते पुरं व्हायच्या आत पुन्हा निघायचं, असं वर्षभर चाललं होतं. बाथरूमचं दार कित्येक महिने बोळात भिंतीला टेकून उभं होतं. एका फेरीत व्हॅनमध्ये मांजर शिरली. तिचं नाव भाडेकरू, कारण आली न विचारता आणि आता निघायचं नाव घेत नव्हती.

मुलगी कॉलेजात साहित्य शिकवायची. सहकारी विचारत, आईवडील हल्ली काय करतात? "फिरतात," ती म्हणायची. ते खोटं नव्हतं. बाहुल्यांचं तेवढं ती गिळून टाकायची.

बाहुल्यांत एक शिष्टबाई होती. तारेचा चष्मा, घट्ट अंबाडा, कडक कॉलर. खेळात मुकादम ताटलीतल्या पावावर झडप घालायला निघाला की शिष्टबाई पडद्यावरून वाकून म्हणे, "जरा नीट बसून खा. लोक बघतायत." मुकादम मागचे पाय दुमडून नीट बसे आणि मगच खाई. लोक हसून बेजार होत. घरीही त्याला तीच खोड लागली. आई टेबलामागून शिष्टबाईला वर काढी, ती बोले, मग ह्याचं जेवण सुरू.

ते वाक्य कोणाचं, हे मुलीला सांगायची गरज नव्हती. बाबा हॉटेलात मोठ्यानं हसले की, आई रस्त्यात गुणगुणायला लागली की, मुलगी लहानपणापासून त्यांना 'लोक बघतायत' हेच ऐकवत आली होती.

फळी लागली. वाकडी लागली. आई खाली उतरून शिष्टबाईची उसवलेली बाही शिवायला बसली. दोरा दातानं तोडत सहज म्हणाली, "मागच्या महिन्यात तुझ्या कॉलेजसमोर खेळ केला ना, तेव्हा मुकादम मधेच पळाला. शेपूट हलवत गर्दीत शिरला. कोणाकडे गेला असेल गं?"

"मला काय माहीत? मी मीटिंगमध्ये होते."

"हो, म्हणाली होतीस." आईनं सुई रिळात खोचली. "चहा टाकू?"

"टाक. साखर कमी."

आईनं नेहमीएवढीच घातली. मुलीनं तोंड वाकडं करत तो प्यायला आणि पेपर तपासायचे आहेत म्हणून लवकर निघाली.

खेळाच्या दिवशी मीटिंग नव्हतीच. ती खाली मैदानात गेली होती आणि गर्दीच्या मागे, झाडाला लागून उभी राहिली होती. शिष्टबाई बोलली आणि तिला हसू फुटलं. आईनं तिचा आवाज हुबेहूब उचलला होता, वाक्य संपताना नाकानं श्वास ओढायची सवय धरून. ती पोट धरून हसत होती, तेवढ्यात विभागप्रमुख बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नेमका तेव्हाच मुकादमाला तिचा वास लागला. तो ताटली सोडून धावत आला आणि पुढचे दोन्ही पाय त्यानं तिच्या अंगावर ठेवले.

"ओळखतो वाटतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"छे. कोणाचं कुत्रं आहे कोण जाणे," ती म्हणाली आणि पर्सनं तिनं त्याला बाजूला सारलं.

मुकादमानं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याचं शेपूट खाली गेलं. पडद्याआडून आईचा आवाज आला, "अहो मुकादम, कुठे उलथलात?" हाही खेळच समजून लोक हसले. तो परत गेला, तशी तीही निघाली.

शनिवारच्या त्या चहानंतर दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, बाथरूमच्या दाराला रंग देता देता आई खाली बसली, ती उठली नाही. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. ब्रश डब्यातच वाळून गेला.

माणसं आली, बसली, गेली. मुलगी रजा घेऊन राहिली. मग लक्षात आलं, मुकादम खात नाही. ताटली पुढे ठेवली की तो पाय दुमडून शहाण्यासारखा बसे आणि टेबलाच्या कडेकडे बघत राही. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुखणं काही नाही, पण म्हातारा जीव आहे, असं फार दिवस चालायचं नाही. बाबांनी शिष्टबाई हातात चढवली, टेबलामागे वाकले. हात नेहमीसारखा सराईत हलला, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. मुकादमानं तोंड फिरवलं आणि आडवा झाला.

बाबांनीही ताट सरकवलं. "तो खाईल तेव्हा बघू," म्हणाले. थोड्या वेळानं बाहुली त्यांनी मुलीपुढे धरली. "तू करून बघ. आवाज तुझाच आहे."

इतकं सरळ कोणी कधी म्हटलं नव्हतं. तिनं बाहुली घेतली. आत, डोक्याच्या पोकळीत, आईनं आपल्या बारीक बोटासाठी कापूस भरला होता. मुलीचं बोट त्यात बरोबर बसलं. ती टेबलामागे फरशीवर बसली, हात वर केला. आयुष्यभर जे वाक्य कधी अडलं नव्हतं, ते आता अडलं.

"जरा नीट बसून खा. लोक बघतायत."

शेवटचा श्वाससुद्धा आपोआप नाकानं ओढला गेला. फरशीवर नखं वाजली. मग ताटली सरकल्याचा आवाज आला.

"खातोय," बाबा म्हणाले. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. टेबलामागची मुलगी त्यांना दिसत नव्हती, फक्त वर शिष्टबाई दिसत होती. ते तिच्याशीच बोलल्यासारखे बोलू लागले.

"ह्या कुत्र्यावरून तुझ्या आईचं नि माझं चांगलंच वाजलं होतं. ती म्हणायची, मुकादम परक्या माणसाकडे शेपूट हलवत जायचा नाही, पोरगीच येऊन गेली असणार. मी म्हटलं, ती मीटिंगमध्ये होती, तोंडानं सांगितलंय तिनं. आपली पोरगी शिष्ट असेल, खोटारडी नाही. दोन दिवस अबोला धरला होता तिनं. मग म्हणाली, बरं बाई, तुमचंच खरं."

ताटली चाटण्याचा आवाज चालू होता. मुलीचा हात वरच होता. इथून, ह्या आवाजात बोलणं सोपं होतं. चेहरा कोणाला दिसला नसता. कदाचित बाबा हसलेही असते.

तिनं हात खाली घेतला, बाहुली काढून मांडीवर ठेवली. मग टेबलाला धरून उठली. बाबांनी मान वर केली. मुकादमानंही.

"आईचं खरं होतं, बाबा," ती म्हणाली. "तो माझ्याकडेच आला होता. मी मागे उभी राहून खेळ बघत होते, खूप हसले मी. शेजारी उभ्या विभागप्रमुख बाईंनी विचारलं, ओळखतो वाटतं तुम्हाला. तर मी म्हटलं, कोणाचं कुत्रं आहे कोण जाणे."