नाव नसलेलं पातं

"आत येऊ नकोस," असं हे आयुष्यभर म्हणत आले. त्या दुपारी म्हणाले, "त्सुरु, आत ये."

मी मागच्या दाराशीच थिजले. भट्टीच्या त्याही दारावर देवाची गवती दोरी बांधलेली. तिच्याखालून बाईमाणूस आत गेलं तर तलवारीचं पातं तडकतं, हे आमच्या ओसाफुने गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आमची दोन पाती आधीच तडकली होती.

यांचे डोळे गेलेत, हे फक्त मला ठाऊक होतं. ठोकणं हातांच्या सवयीनं व्हायचं, पात्यावर माती लिंपणं बोटांनी. पण पाणी देताना तापल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनीच ओळखावा लागतो. त्यासाठीच तर भरदुपारी झडपा लावून अंधार केलेला. बाहेर पुढच्या ओसरीवर सरदारांचा कारभारी हिरानो बसला होता. सकाळीच तो म्हणाला होता, "सुकेहारु, हेही तडकलं तर भट्टी तुझ्या पुतण्याला. तू आपला नदीवर गळ टाकून बस."

"अहो, देव कोपला तर?" मी कुजबुजले.

"देवाशी मी बोलतो. तू रंग बोल."

मी वाकून आत शिरले. यांनी भाता ओढला.

"कसंय?"

"लालच आहे अजून."

"डोंगरावर चढतो ना शरदातला चंद्र, तसं झालं की सांग."

लवकर बोलले तर पातं मऊ राहणार, उशीर झाला तर तडकणार. भाताच्या हंडीखालचा जाळ सोडून मला कशातलं काय कळत होतं? मग निखाऱ्यांत तो चंद्र दिसला आणि मी किंचाळलेच, "आत्ता!"

पाणी फुसफुसलं. वाफेत आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. तडकल्याचा तो बारीक आवाज आलाच नाही.

आला तो हिरानोचा. "आत बाई कोण ओरडली रे?"

मी कोळशाच्या टोपल्यांमागे दडले. त्यानं पुढचं दार उघडलं.

"बाई कुठली? लोखंड ओरडतं कधी कधी," हे म्हणाले. यांचा आवाज कापतोय, हे मला तिथूनही कळलं.

हिरानोनं पातं उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलं. "झकास! नाव कोरून ठेव. उद्या नेतो."

"नाव नको. सरदारांच्या तलवारीवर लोहाराचं नाव कशाला?"

हिरानो खूश होऊन गेला. मी काजळलेल्या अंगानं बाहेर आले.

"अहो, नाव तर तुम्ही डोळे मिटूनही कोरता!"

"एकट्याचं कोरलं तर खोटं. दोघांचं कोरलं तर तुझी मान जाईल."

मला रडू आलं. हे खाली बसले, पातं मांडीवर घेतलं आणि मुठीत लपणाऱ्या भागावर, नाव असतं त्या जागी, अंगठा फिरवत राहिले.