सरांचा उजवा पाय

अहो थांबा, मध्ये बोलू नका, मला एका दमात सांगू द्या, नाहीतर मलाच हसू येईल आणि निम्मं राहून जाईल.

तर आमच्या ताईला लग्नाचं विचारलं. कुणी? तिला गाडी शिकवली ना, त्या सरांनी! तेच हो, त्या कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलचे. एवढीशी खोली, भिंतीभर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि टेबलावर ठोकलेलं एक जुनं स्टिअरिंग. माणूस सोन्यासारखा. नाकासमोर चालणारा, आवाज कधी चढवणार नाही. ताईला पण आवडतात, ते तर आंधळ्यालाही दिसेल. पण ही बया उत्तरच देईना!

शेवटी आई वैतागली. "अगं, हो म्हण नाहीतर नाही म्हण. त्या बिचाऱ्याचा जीव टांगणीला का लावतेस?"

ताई म्हणाली, "आई, त्या शिकवणीच्या गाडीत सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. मी ब्रेक मारायच्या आत ते मारायचे. मी पास झाले, लायसन आलं, पण गाडी मी चालवत होते की ते, हे मला अजून कळलेलं नाही. जन्मभर असंच झालं तर?"

"मग आता?"

"आता त्यांना खिंडीत नेते."

तुम्हाला ताईचं वेड माहितीये ना? अख्खा आठवडा चष्म्याच्या दुकानात मान खाली घालून काचा घासायच्या, आणि सुट्टी आली की सायकल काढून डोंगरात कुठल्यातरी खिंडीत जायचं. बोगदा झाल्यापासून जुन्या खिंडींच्या रस्त्यांना कुणी कुत्रं विचारत नाही, म्हणून हिला त्याच आवडतात. रस्ता संपेपर्यंत सायकल चालवायची, मग ती खांद्यावर घेऊन पायवाटेनं खिंड ओलांडायची, आणि पलीकडचा रस्ता लागला की भन्नाट खाली. मला पण बरोबर घेतलं. का, तर म्हणे, "मी चिडले तर मला आवरायला कुणीतरी पाहिजे."

सर आले. काय अवतार, बाई! इस्त्रीची पँट, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, आणि सायकलला दोन्हीकडे आरसे.

"सायकल येते ना, सर?" ताईनं विचारलं.

"लहानपणी चालवायचो. तोल काही विसरत नाही माणूस. तुमचे टायर बघितलेत का?"

"बघितले."

"मी एकदा बघू?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

चढ सुरू झाला. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबरातून गवत उगवलेलं, आणि आमचे सर प्रत्येक वळणाला हात लांब करून इशारा देतायत! हात काढला की सायकल डगमगते, डगमगली की हात आत, की परत हात बाहेर.

"सर, मागे कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग हात कुणाला दाखवताय?"

"सवय मोडली की संपलं," सर धापा टाकत म्हणाले.

पुढे दरड कोसळून रस्ता गायब झालेला. तिथून पायवाट. सायकली खांद्यावर घेतल्या. वाट एका मोठ्या खडकाला वळसा घालून जाते, पलीकडचं काही दिसत नाही. तर सरांनी काय करावं? खांद्यावरच्या सायकलची घंटी वाजवली! ट्रिंग ट्रिंग! मी म्हटलं, "अहो, इथं कोण येणार?" तेवढ्यात खडकाआडून एक शेळी आली. देवाशप्पथ! आली, सरांकडे बघितलं आणि बाजूला होऊन उभी राहिली. सरांना काय रुबाब चढला म्हणता! पुढची सगळी वाट त्यांनी घंटी वाजवत काढली. ताईच्या कपाळावरची शीर मला मागून दिसत होती. म्हणजे मागून शीर दिसत नाही, पण तुम्हाला कळलं.

खिंडीत पोचलो तर इतकं शांत की वाऱ्यानं गवत हललेलं ऐकू येत होतं. पाव खाल्ला, पाणी प्यायलो. ताई हात झटकत उठली. "सर, आता उतार. मी पुढे जाणार. खाली पोचेपर्यंत मला काहीही सांगायचं नाही. हळू नाही, सावकाश नाही, वळण आहे नाही. एक शब्द नाही."

सरांनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "नाही बोलणार."

आणि बोलले नाहीत हो! तेच तर सांगतेय!

ताई सुटली बाणासारखी. मागे सर, त्यांच्या मागे मी. पहिलंच वळण आलं, एकदम तीव्र, पलीकडे दरी. ताई झुकली, आणि सरांचा उजवा पाय खाडकन खाली गेला. आता गाडीत ठीक आहे, पण सायकलवर पाय दाबला की काय होतं? सायकलनं उडीच मारली! आणि ब्रेक लागला नाही तर पुन्हा पुन्हा दाबायचा, हे सर स्वतःच शिकवतात सगळ्यांना. म्हणून त्यांनी दाबला. परत दाबला. दाबतच राहिले. सायकल वेड्यासारखी पळतेय, तोंडचं पाणी पळालंय, आणि वचन दिलंय म्हणून तोंडातून चकार शब्द नाही! मुकाट्यानं ताईच्या शेजारून गेले, मुकाट्यानं वळण चुकले, नशीब दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला, आणि गुरांच्या पाण्याचं डबकं होतं त्यात धप्पकन बसले. छातीपर्यंत.

आम्ही धावलो. लागलं काही नव्हतं.

"सर! हाताशी ब्रेक होते ना?" ताई किंचाळली.

"माझी सायकल थांबवत नव्हतो मी."

"मग कुणाची?"

"तुमची."

मला आधी कळेचना.

"माझी? मागून? तुमच्या पायानं?"

"वळण फार तीव्र होतं हो. मला वाटलं तुम्हाला दिसलं नाही."

"मी वळले ना पण!"

"वळलात. फार छान वळलात. बघितलं मी, जाता जाता."

माझी हसून मुरकुंडी वळली. पण ताई हसली नाही. पार उतरलं तिचं तोंड. म्हणाली, "म्हणजे हे असंच चालणार, सर. मी वळणार आणि तुम्ही दाबणार."

सर डबक्यातच बसलेले. "पाय माझा आहे, पण माझं ऐकत नाही. काय करू मी त्याचं?"

"ते मी कसं सांगू? पाय तुमचा आहे," ताई म्हणाली, आणि सायकलवर बसून निघाली सुद्धा. मला वाटलं, झालं, फिसकटलं.

सर उठले. सायकल बाहेर ओढली, बसले, थोडा विचार केला. आणि दोन्ही पाय पेडलवरून उचलून सरळ बाजूला पसरले! डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, बुटातून पाणी गळतंय, आणि निघाले तसेच, हातानं ब्रेक दाबत, कुईं कुईं करत. वळण आलं की उजवा पाय हवेतल्या हवेत खाडकन दाबला जायचा. पण हवेत! कुणाला काय त्रास?

खालच्या वळणावरून ताईनं वर बघितलं. सायकल आडवी टाकली आणि रस्त्यातच बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी.

सर घाबरले. "काय झालं? पडलात?"

"नाही. पाय खाली घ्या, सर."

"नको. अजून वळणं आहेत."

ताईचं हसू थांबलं. नुसती बघत राहिली त्यांच्याकडे. मग डोळे पुसून उठली आणि पुढे गेली, आधीसारखीच सुसाट, एकदाही मागे न बघता. आणि सर तसेच, पसरलेले, अख्खा घाट.

खाली पुलापाशी पोचलो तर त्यांच्या मांड्यांत गोळे आलेले, पाय मिटेनात. ताईनं एकेक पाय धरून जमिनीवर ठेवला. म्हणाली, "आता मी तुम्हाला सर म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार?"

"घरी जाईपर्यंत ठरवते." आणि गेली ओंजळीनं पाणी प्यायला.

सर माझ्याकडे वळले, तोंड एवढंसं. "रागावल्या का हो? म्हणजे नाहीच ना?"

"अहो भाऊजी!" मी ओरडले. "हो म्हणाली ती!"

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. सायकल सोडून! ती आरशांसकट माझ्या अंगठ्यावर. हा बघा, अजून काळानिळा आहे.