दादांच्या फोनमधली आई

गहिनीनाथ शनिवारी सकाळी पाथर्डीच्या स्टँडवर उतरला, तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं होतं की दोन दिवस स्क्रीनकडे बघायचंच नाही. पुण्याच्या कंपनीत प्रोग्रामर होऊन सहा वर्षं झाली होती आणि सुट्टी कशी घालवायची हेच तो विसरत चालला होता. लॅपटॉप मात्र पाठीवर होताच. तो मागे ठेवून यायची हिंमत झाली नव्हती.

जीपने गावात पोचला, जेवला, लिंबाखाली बाज टाकून आडवा होतोय तोच दादा, म्हणजे त्याचे वडील, मोबाईल घेऊन समोर आले.

"गहिनी, ह्याच्यात तुझ्या आईचं बोलनं हुतं. सापडंना झालंय."

आईला जाऊन चार महिने झाले होते. त्याआधीचे सात महिने ती इलाजासाठी गहिनीनाथकडे पुण्यात होती. म्हशी सोडून जाता येईना, म्हणून दादा गावीच. आईला लिहिता येत नव्हतं. रोज ती मोबाईलवर बोलून दादांना आवाज पाठवायची. कपिली म्हशीला पेंड किती घालायची, गूळ कुठल्या डब्यात आहे, थंडी पडलीय, कानाला काहीतरी बांधा.

"इतके दिवस ऐकायचं धाडसच न्हाई झालं," दादा म्हणाले. "आज म्हनलं ऐकावं."

गहिनीनाथने फोन हातात घेतला आणि त्याला आठवलं. दहाव्याला माणसांचे सारखे फोन येत होते आणि हा मोबाईल दर दोन मिनिटांनी बंद पडत होता. जागा भरली म्हणून त्यानेच फोटो, व्हिडिओ, आवाज सगळं एका झटक्यात पुसून टाकलं होतं. एकदाही न ऐकता.

तरी त्याने लॅपटॉप उघडला. माहीत होते ते सगळे उपाय करून पाहिले. कुठेच काही साठवलेलं नव्हतं. दादा बाजेच्या कडेला बसून एकटक बघत होते.

तेवढ्यात ऑफिसातून, त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या अनन्याचा फोन आला. "सर, सॉरी, सुट्टीत त्रास देतेय. माझ्या हातून गिऱ्हाइकांची सगळी यादी डिलीट झाली." ती रडायच्या बेतात होती. गहिनीनाथने तिला धीर दिला, कालची प्रत शोधली, वीस मिनिटांत सगळं जागच्या जागी आणून ठेवलं.

"काय झालं हुतं?" दादांनी विचारलं.

"एका पोरीकडून कामाचं पुसलं गेलं होतं."

"मग? आलं परत?"

"आलं."

दादांचा चेहरा उजळला. "मग आपलं बी येईल की!"

"दादा, त्याची दुसरी प्रत होती. आपली न्हाई."

"तुझ्या आईच्या फोनात असंल ना?"

तो फोन गहिनीनाथने साफ करून सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंना देऊन टाकला होता. तेही सांगावं लागलं. मग त्याने उरलेलंही सांगून टाकलं. "दहाव्याला मीच पुसलं, दादा. मला ठाऊक नव्हतं त्यात काय हाय."

दादांनी त्याच्या हातातला मोबाईल परत घेतला. मग हळूच म्हणाले, "तू तर तिथंच हुता. तुझ्याम्होरंच बोलायची ना? काय काय म्हनायची, तेवढं तरी सांग."

गहिनीनाथला एक वाक्य धड आठवेना. ती गॅलरीत बसून बोलायची. तो आत, कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. काचेपलीकडे तिचे ओठ हलताना दिसायचे, एवढंच.

"मला ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला.

रविवारी दुपारी निघताना दादांनी मोबाईल रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "घेऊन जा. पुन्यात तुझ्याहून हुशार कुनी असंल, त्याला दाखव."

कुणालाही दाखवून उपयोग नव्हता. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"दाखवतो," तो म्हणाला, आणि जीपमध्ये बसला.