ताणून बसवलेली नळी

सुनेची गाडी स्टँडवर उचललेली होती आणि पुढची दोन्ही चाके काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. सासरे पुठ्ठ्यावर उताणे पडून डावीकडच्या नळीचा शेवटचा क्लॅम्प आवळत होते. पस्तीस वर्षे त्यांनी इमारतींच्या छतांखालून थंड हवेचे डक्ट नेले होते. निवृत्तीनंतर पत्र्याची कात्री फळीवर धूळ खात पडली होती. म्हणूनच ‘बाबा, ब्रेकपर्यंत वारा न्यायचाय, जमेल का?’ असे सुनेने विचारताच ते अर्धा चहा टाकून उठले होते.

प्रश्न हौसेचा नव्हता. मागच्या महिन्यात शर्यतीच्या ट्रॅकवर, लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला, ब्रेक इतके तापले की पेडल मऊ पडून थेट तळाला गेले. गाडी वळणाबाहेरच्या खडीत रुतली म्हणून निभावले. तेव्हापासून सून वेग घ्यायला कचरत होती. उद्या ती पुन्हा ट्रॅकवर जाणार होती; तिथेही पेडलाने दगा दिला तर गाडी विकून टाकायची, असे तिने घरात सांगून ठेवले होते.

‘बाबा, नळी जरा सैल राहू द्या ना,’ टॉर्च धरून ती म्हणाली.

‘सैल नळीत वारा अडखळतो. माझा एकही डक्ट कधी लोंबकळला नाही.’

‘पण इथे—’

‘तू गाडी चालव. वाऱ्याचं मी बघतो.’

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, ‘अहो, बोलू तरी द्या तिला. गाडी तिची आहे, तुमचं छत नाही ते.’

‘तुझ्या मिक्सरला वारा घालायचा झाला की तुलाही विचारीन.’

सून हसली आणि तिने टॉर्च नीट धरला.

दुपारपर्यंत दोन्ही नळ्या बसल्या. बंपरच्या भोकापासून ब्रेकच्या चकतीच्या मध्यापर्यंत त्या आखल्यासारख्या सरळ गेल्या होत्या. चाके चढवली, गाडी खाली घेतली. बाहेर काढण्यासाठी सुनेने स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि चाकातून कर्रकर्र आवाज आला.

सासरे गुडघ्यावर बसले. नळी सुटली नव्हती. त्यांचा क्लॅम्प सुटणारा नव्हताच. चाक वळताना ताणलेल्या नळीने चकतीजवळचा पत्रा ओढून वाकवला होता आणि तो आता चकतीला घासत होता. इमारतीचे छत कधी जागचे हलत नाही. इथे चाक वळते, वरखाली होते, आणि नळीचे एक टोक त्याच्याबरोबर जाते. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण स्थिर उभ्या गाडीखाली पडल्यावर हातांनी आपली जुनी सवय चालवली होती.

‘काढून टाकू या,’ सून म्हणाली. ‘उद्याचं राहू दे.’

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तेच त्यांना अधिक लागले.

‘मघाशी हेच सांगत होतीस?’

‘हो.’

‘मग ओरडून सांगायचंस.’

‘तुमच्यावर कोण ओरडणार?’

‘तुझी सासू रोज ओरडते. मला काही होत नाही.’

नळी बेताने कापली होती. सैल सोडायला ती आता पुरणार नव्हती. उष्णता सोसणारी नवी नळी मागवायची तर आठवडा जाणार होता. ते बराच वेळ बंपर आणि चाकामधल्या पोकळीकडे पाहत राहिले. मग पुठ्ठ्यावर पेन्सिलने एक रेघ काढली.

‘इथपर्यंत गाडीचं अंग हलत नाही ना?’

‘नाही. पुढे चाकाचा भाग.’

‘मग इथपर्यंत पत्रा. नळी फक्त पुढे.’

त्यांनी फळीवरून कात्री काढली. पत्रा कापला, एका पाइपाभोवती गोल वळवला, कडा एकमेकींत अडकवून ठोकल्या. सांधा सरळ आला. दोन्ही बाजूंची नळकांडी तयार झाली, चकतीजवळचा वाकलेला पत्रा सरळ केला, आणि नळी आता चाकाजवळ ऐसपैस बाक घेऊन बसली. आवळण्याआधी मात्र ते थांबले.

‘आत बस. पूर्ण डावीकडे घे. आता उजवीकडे. सावकाश.’

मग जॅकने चाक वर ढकलून त्यांनी तेच पुन्हा करायला लावले, आणि शेवटी तिला खाली वाकून पाहायला सांगितले.

‘अजून दोन बोटं सैल हवी,’ ती चाचरत म्हणाली.

‘दोन म्हणजे दोन.’ त्यांनी दोन बोटे सोडली आणि क्लॅम्प आवळला.

दुसऱ्या दिवशी ते ट्रॅकच्या कुंपणापाशी उभे होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत ती सरळ पट्टा संपण्याच्या कितीतरी आधी ब्रेक दाबत होती. मागचे दिवे उजळले की त्यांना ते अंतर दिसे. हळूहळू ते अंतर कमी होत गेले. मग एका फेरीत दिवे इतके उशिरा लागले की त्यांनी कुंपणाची जाळी घट्ट धरली. गाडी वळणातून अलगद निघून गेली.

ती ट्रॅकवरून बाहेर येऊन थांबली तेव्हा सासरे तिच्याकडे न बघता चाकापाशी वाकले.

‘हात घालू नका, भाजेल. आणि आधी मी कशी आहे ते तरी विचारा.’

‘तू ठणठणीत दिसतेस. नळी बघू दे.’ नळीवर कुठेही घासल्याची खूण नव्हती. ते उठले. ‘पेडल?’

‘शेवटपर्यंत घट्ट होतं.’

त्यांनी घड्याळ पाहिले. ‘मग थांबलीस कशाला? ट्रॅक बंद व्हायला अजून वीस मिनिटं आहेत.’

तिने काढायला घेतलेल्या हेल्मेटचा पट्टा पुन्हा लावला.